पडद्याकडे पाठ

तंबूअण्णांनी तीस वर्षं सिनेमाचा धंदा केला आणि त्या तीस वर्षांत एकही सिनेमा पुरता पाहिला नाही. निपाणीच्या आसपासच्या जत्रा-उरुसांतून त्यांचा तंबू फिरायचा. खेळ सुरू झाला की अण्णा पडद्याखाली स्टूल टाकून, पडद्याकडे पाठ करून बसत आणि पुढ्यातल्या माणसांची तोंडं बघत. वर नायक मरतोय की नायिका गातेय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. कुणी विचारलं, "अण्णा, पिक्चर कसा हाय?" की म्हणत, "मला काय म्हाईत? चौदा मानसं उठली."

उठली म्हणजे थुंकायला उठली. आमचा भाग तंबाखूचा. निपाणीचा माणूस बार भरूनच सिनेमाला बसणार. तंबूत थुंकायला अण्णांची सक्त मनाई, त्यामुळे तोंड भरलं की उठून बाहेर जावं लागे. अण्णांचं सगळं शास्त्र या उठण्यावर उभं होतं. "टाळ्या कुनीबी वाजवतंय, मास्तर," ते मला सांगत. "पर तोंड भरल्यालं आसून उठायचं जिवावर आलं, की समजायचं सीन जित्ता हाय. मानूस उठला, सीन मेला. तोंडात तंबाखू आसल्यावर मानसाला खोटं बोलता येत न्हाय." हिशेब चुकू नये म्हणून सदऱ्याच्या उजव्या खिशात चिंचोके असत. एक माणूस उठला की एक चिंचोका डाव्या खिशात. डावा खिसा जड झाला की तो सिनेमा गुंडाळायचा आणि दुसरी पेटी मागवायची.

हे मी पूर्वी मित्रांना हसवण्यासाठी सांगायचो. छान रंगायचं. आता रंगत नाही, कारण पुढचं मला ठाऊक आहे. या माणसाला देवानं एकच विद्या दिली होती आणि तिच्यावर माती टाकायचं पुण्यकर्म माझ्या हातून घडलं. ते न सांगता त्यांचे गोडवे गायले तर माझ्यासारखा निलाजरा मीच.

मी बेळगावात हायस्कुलात मराठी शिकवत होतो. दोन-तीन एकांकिका लिहिल्या होत्या, एका स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं, आणि तेवढ्यानं माझ्या डोक्यात हवा गेली होती. घराघरांत टीव्ही यायला लागले होते. अशात मुंबईचे एक निर्माते बेळगावात उतरले. त्यांना तेरा भागांची कौटुंबिक मालिका करायची होती आणि लेखक स्वस्तातला हवा होता. मी 'देसायांचा सोपा' लिहायला घेतली. कॅम्पातला एक बंगला भाड्यानं घेतला, मुंबईहून नट आले, विजेचं जनरेटर आणि दिवे निपाणीच्या तंबूअण्णांकडून आले. माझ्या देसायांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी दालनात, पियानो होता. थोरल्या वहिनी त्यावर कोपर टेकून तीन-तीन पानांची स्वगतं बोलायच्या. चार भाग टीव्हीवर लागले, आणि पाहणाऱ्यांनी दूरदर्शन केंद्राला पत्रं पाठवली, ती मला वाचून दाखवायचीही कुणाला हिंमत झाली नाही. जाहिरात देणाऱ्या तेलवाल्यांनी कळवलं, असंच चाललं तर तेरा भागांवर एकही भाग मिळणार नाही. निर्माते दुसऱ्या दिवशी मुंबईला निघून गेले ते गेलेच.

बंगल्याच्या अंगणात आम्ही सगळे सुतकात बसल्यासारखे बसलो होतो. अण्णा आपलं जनरेटर न्यायला आले होते. त्यांनी एकेकाचं तोंड नीट बघितलं, मग जनरेटरवर हात ठेवून म्हणाले, "आपल्या भागातलं पैलं टीव्हीचं नाटक हाय ह्ये. बंद पडलं तर मुंबैवालं म्हनतील, तिकडच्या लोकास्नी न्हाय जमायचं. ऱ्हाऊ द्या ह्ये हितंच. मी चालवतो." आम्हाला वाटलं, म्हातारा बोलून जातोय. पण पंधरा दिवसांत त्यांनी दोन्ही प्रोजेक्टर आणि मोठा तंबू विकला, केंद्रात जाऊन कागद आपल्या नावावर केले आणि पडद्याकडे पाठ करणारा माणूस मालिकेचा निर्माता झाला. व्हिडिओ आल्यापासून तंबूला दिवस वाईटच आले होते. पण जे काही उरलं होतं ते सगळं त्यांनी या एका डावावर लावलं.

पहिल्या दिवशी त्यांनी पियानोभोवती एक फेरी मारली. "मास्तर, निपाणीत कुनाच्या घरात ह्ये हाय? मला दावा, मी जाऊन बघून येतो." पियानो गेला. मग स्वगतांची पाळी. नटी बोलायला लागली की अण्णा कॅमेऱ्याच्या बाजूला बसून आमच्याकडे, म्हणजे दिवे धरणाऱ्या, चहा देणाऱ्या माणसांकडे बघत. कुणाची नजर हलली की हात वर करून म्हणत, "साकु, मास्तर, साकु." पुरे म्हणायला त्यांना कानडी शब्दच लागायचा, मराठीत कुणाला पुरे म्हणणं त्यांच्या जिवावर येई. माझ्या तीन पानांच्या आठ ओळी झाल्या. मी नाकानं कांदे सोलत होतो, पण आतून मला कळत होतं की सीन आता चालायला लागलाय.

आणि मग रत्नाक्का आल्या. त्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायच्या. त्यांच्या वस्तीत जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं, त्यात त्यांना अण्णांनी पाहिलं होतं. म्हणजे त्यांना नव्हे, त्यांच्यासमोर बसलेल्या लोकांना. देसायांच्या घरी स्वयंपाकाला एक बाई होती, तिला मी चारच वाक्यं दिली होती. ते काम रत्नाक्कांना दिलं. पाचव्या भागात थोरल्या वहिनी घराण्याच्या अब्रूवर बोलत-बोलत रडायला लागतात. रत्नाक्कांनी तिथं नुसतं उभं राहायचं होतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग अगदी मायेनं म्हणाल्या, "वैनीसाब, तुमी रडून घ्या, तवर मी भात उतरतो." दिवेवाला हसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि 'साकु' म्हटलं नाही.

तो भाग लागला आणि आठ दिवसांत निपाणीच्या बाजारात माणसं एकमेकांना "तुमी रडून घ्या, तवर..." म्हणायला लागली. सहावा, सातवा, आठवा भाग. पत्रं बदलली. तेलवाल्यांचा निरोप आला की असंच चाललं तर आणखी सव्वीस भागांचा विचार करू. बंगल्यात लोक पहिल्यांदा हसत कामाला यायला लागले. मालिका उठून बसली होती आणि मला सोडून सगळ्यांना आनंद झाला होता. लोकांच्या तोंडी मालिकेचं एकच वाक्य होतं आणि ते मी लिहिलेलं नव्हतं. वखारीतली एक बाई माझ्याच सोप्यात उभी राहून माझी वाक्यं खाऊन टाकत होती. तिच्या जागी कुणी पुण्याची नामांकित नटी असती तर मला एवढं झोंबलं असतं का? याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे, आणि ते माझ्या तोंडाला काळं फासणारं आहे.

अण्णांचं शास्त्र टीव्हीलाही तेच. ज्या दिवशी भाग लागे त्या संध्याकाळी ते निपाणीहून कोगनोळीला जात. नाक्याजवळच्या एका चौकात गावाचा टीव्ही लागायचा; ॲन्टेना कोल्हापूरकडे फिरवली की मुंग्यांच्या वारुळातून मराठी दिसायचं. अण्णा टीव्हीशेजारी, टीव्हीकडे पाठ करून बसत. पण एका गावावर त्यांचा भरवसा नव्हता. "एक गाव लाडात येतंय, मास्तर. तीन गावं बघाय पायजेत. बेळगावच्या अंगाला काकती आनि कंग्राळी तुमी बघा. ह्ये घ्या." त्यांनी माझ्या हातावर मूठभर चिंचोके ठेवले. कोणत्या सीनला किती उठले ते मी दर आठवड्याला त्यांना लिहून द्यायचं, आणि त्यावर पुढचे भाग ठरायचे. चित्रण जेमतेम दोन आठवडे पुढं असायचं, त्यामुळे गावानं दिलेला कौल लगेच कामाला येई.

मी काकतीला गेलो. एकदा. पंचायतीच्या ओट्यावर टीव्ही, समोर चाळीस-पन्नास माणसं. त्या भागात मी जीव ओतून लिहिलेला एक प्रसंग होता, धाकटे देसाई घर सोडून जातात तो. धाकट्या देसायांनी तोंड उघडलं आणि माणसं उठायला लागली. माझा डावा खिसा भरत चालला. मागं जाऊन बिड्या पेटल्या, कुणी म्हशीचं काही बोलायला लागलं. मग रत्नाक्का आल्या. माझ्या पुढ्यात एक म्हातारा बसला होता, गाल फुगलेले, बार पार ओठांशी आलेला. तो उठेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी उठेना. सीन संपला तेव्हा कुठं तो तोंडावर हात धरून पळाला. अण्णांनी हे पाहिलं असतं तर त्याच्या पाया पडले असते. मी घरी आलो, कागद घेतला आणि उलटं लिहिलं. धाकट्या देसायांच्या प्रसंगाला दोन उठले. स्वयंपाकीण बाईच्या प्रसंगाला एकोणीस.

त्यानंतर मी कुठल्याच गावाला गेलो नाही. भाग लागे तेव्हा मी घरात चहा पीत असे आणि तिथंच बसून कधी काकतीचे, कधी कंग्राळीचे आकडे पाडत असे. कला म्हणून त्यात रंगही भरायचो: 'कंग्राळीत बायका म्हणाल्या की ही बाई फार पुढं-पुढं करते.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. मालिका मला बुडवायची नव्हती. मला फक्त ती माझी करून घ्यायची होती. मी स्वतःला तेव्हा असंच सांगत होतो, आणि आजही सांगताना जीभ चाचरते.

अण्णा ते कागद घेऊन बंगल्याच्या पायरीवर बसायचे. चष्मा पुसून-पुसून वाचायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, कोगनोळीत तर तिच्या टायमाला एक मानूस हालत न्हाय. आनि तुमच्याकडं एकोनीस? दोन्हीबी गावात?" मी म्हटलं, "अण्णा, कोगनोळी निपाणीला लागून. रत्नाक्का निपाणीच्या. आपली बाई म्हणून लोक बसत असतील." केवढं तर्कशुद्ध उत्तर! अण्णांनी कागदाची घडी घातली. त्यांच्यासमोर शिकलेला माणूस होता आणि त्याच्या हातात लेखी आकडे होते. "आसंल," ते म्हणाले. "दोन गावं एका बाजूला हाईत. माझंच गाव चुकलं आसंल. न्हायतर माझी नजर गेली आसंल. वय झालं." त्या वेळी मी खरं बोललो असतो तरी फार काही बिघडलं नसतं. मी त्यांना चहा हवा का विचारलं.

रत्नाक्कांना सांगायला अण्णा स्वतः गेले, मला बरोबर घेऊन. त्या अंगणात तंबूच्या जुन्या कापडाच्या सावलीत बसल्या होत्या. अण्णा उभ्यानंच म्हणाले, "रत्नाक्का, लोकं उठाय लागल्यात. त्या सैपाकाच्या बाईला आता लेकीच्या बाळंतपनाला धाडतोय." त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उठत्यात व्हय? मग धाडा. लोकांच्या म्होरं कोन हाय?" आणि जरा थांबून, "परत कवा येती ती?" अण्णा कापडाची सुटलेली दोरी बांधायला लागले. मी खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी खेळत होतो.

नवव्या भागात स्वयंपाकीण गेली. दहाव्यात धाकटे देसाई मनमुराद बोलले. अकराव्या भागाच्या दिवशी अण्णा कोगनोळीहून आले ते थेट बंगल्यावर. उजवा खिसा बाहेर काढून दाखवला, रिकामा; डावा फाटायला आला होता. "चिंचोकं पुरलं न्हाईत, मास्तर. थुंकाय न्हाय, घरला गेली मानसं. टीव्ही आनि मी, दोघंच ऱ्हायलो." तेरावा भाग लागला आणि तेलवाल्यांनी पुढचे भाग नको म्हणून कळवलं. बंगल्याला कुलूप लागलं. जाताना अण्णा प्रत्येकाचा हात धरून एकच सांगत होते, "माझी नजर गेली. तुमची चूक न्हाय." माझाही हात धरला. मी तो धरू दिला.

पुढं वर्षभरानं त्यांचा निरोप आला, निपाणीला येऊन जा. तंबूचं उरलेलं कापड ते लग्नाच्या मांडवाला भाड्यानं द्यायचे. कापडाच्या ढिगावर बसले होते. मला बसायला जागा करून दिली आणि सहज बोलावं तसं बोलले. "परवा कंग्राळीला मांडव घालाय गेलतो. पंचायतीच्या म्होरं. गावचा टीव्ही बघिटला. पेटीत उंदरानं घर केलंय. कवापासनं बंद हाय म्हनून इचारलं, तर म्हनं, मागल्याच्या मागल्या गनपतीपासनं."

माझे कंग्राळीचे सगळे आकडे त्या गणपतीनंतरच्या दिवाळीपासून पुढचे होते.

"काकतीला तरी गेलतासा का?" अण्णांनी विचारलं. "एकदा," मी म्हणालो. "आनि तिच्या टायमाला?" "कुणी उठलं नाही, अण्णा." मी मान वर करून त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला. शिव्या दिल्या असत्या, कानफटात मारली असती तर मी बरा राहिलो असतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "म्हंजे कोगनोळी बरोबर हुती," ते पुटपुटले. "माझी नजर गेल्याली न्हवती." एवढ्याशा गोष्टीचा त्यांना आनंद झाला होता. तंबू गेला, प्रोजेक्टर गेले, नाव गेलं, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून आपली नजर शाबूत होती म्हणून हसत होता. मला तिथं रडू आलं, आणि त्यांनी माझ्या रडण्याकडेही तसंच, नीट बघितलं.

"मला सांगिटलंसा, झालं," उठताना ते म्हणाले. "आता रत्नाक्काला सांगा. लोकं उठत्यात म्हनून मी तिला माझ्या तोंडानं सांगून आलोय. त्ये खोटं तुमीच काढाय पायजे."

मी त्याच दिवशी त्यांच्या गल्लीत गेलो. रत्नाक्का नळावर घागर भरत होत्या. "मास्तर! हिकडं कुठं?" मी म्हणालो, "सहज आलो होतो." त्यांनी चहाला बोलावलं. मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. पुढं दोन वर्षं मी निपाणीवरून कोल्हापूरला जाताना बसमध्ये उजव्या बाजूला बसत असे, कारण डाव्या बाजूनं ती गल्ली दिसते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. निपाणीत एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली आणि शिकलेला माणूस म्हणून मला बोलायला बोलावलं. तंबूवर राबलेली माणसं, वखारीतल्या बाया, जत्रेतले दुकानदार, हॉल भरला होता. मी उभा राहिलो. "रसिकतेच्या नभांगणातील एक तेजस्वी तारा आज निखळला," मी म्हणालो. भिंतीकडचा एक माणूस उठून बाहेर गेला. "कलेची निरपेक्ष उपासना..." आणखी दोघे. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांच्या जागी उभा होतो, लोकांकडे तोंड करून, आणि मला न मोजता राहवेना. चार. सहा. नऊ. बायकांत दुसऱ्या ओळीत रत्नाक्का बसल्या होत्या. "साकु, मास्तर," कुणीतरी म्हणाल्यासारखं मला वाटलं. कुणी म्हणालं नव्हतं.

मी थांबलो आणि म्हणालो, "कंग्राळीचा टीव्ही बंद होता." मग सगळं सांगितलं. चिंचोके, काकतीचा गाल फुगलेला म्हातारा, घरी चहा पीत लिहिलेले आकडे. अण्णांची नजर गेली नव्हती, ती मी खोटी पाडली. रत्नाक्कांच्या वेळी कुणीही, एकही माणूस, उठला नव्हता. हॉलमध्ये कुणी हलेना. बाहेर गेलेले दारात येऊन उभे राहिले होते.

मग एकच बाई उठली. रत्नाक्का ओळीतून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि बाहेर थुंकल्या. तोंडात तंबाखू नव्हती. मयतीच्या, सभेच्या ठिकाणी त्या तंबाखू खात नसत, हे बंगल्यावर सगळ्यांना माहीत होतं. पदरानं तोंड पुसलं, परत आल्या आणि आपल्या जागेवर मांडी घालून बसल्या.

"बोला की म्होरं, मास्तर," त्या म्हणाल्या. "बसलोय आमी."